डिस्क गोल्फचा पटर घ्यायचाय? आधी हात बघा, मंग नंबर

मागच्या काही महिन्यांत चार-पाच पोरांनी मला एकच गोष्ट विचारली, भाऊ पटर कोणता घेऊ. प्रत्येकाला वेगवेगळं फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं म्हणलं. आपल्या इथं अडचण अशी आहे की परभणी, नांदेड, लातूर, बीड कुठंबी दुकानात जाऊन चार डिस्क हातात घेऊन बघायची सोय नाही. क्रिकेटची बॅट घ्यायला गेलं की आपण दहा बॅटी उचलून, ठोकून, हलवून बघतो, पटरचं तसं होत नाही. ऑनलाइन मागवायचा नाहीतर कुणी पुण्याहून, परदेशातून येणारं असलं त्याला आणायला सांगायचं, आणि आल्यावर हाताला बसला नाही तर परत करायला जेवढा खर्च तेवढ्यात दुसरा येतो. म्हणून मागवायच्या आधीच डोकं लावायला लागतं.

ज्यांना खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गोल्फच आहे, फक्त बॉलच्या जागी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकीत डिस्क बास्केटमध्ये गेली पाहिजे. एड हेड्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स, म्हणजे खेळाचं मैदान, बसवला, साखळ्यांची बास्केट पण त्याचीच कल्पना, आणि १९७६ मध्ये पीडीजीए म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संघटना सुरू केली, आजबी नियम त्यांचेच चालतात. लांब फेकायची डिस्क म्हणजे ड्रायव्हर, मधली मिडरेंज, आणि बास्केटजवळ आल्यावर टाकायची ती पटर. ड्रायव्हर एका होलला, म्हणजे एका बास्केटपर्यंतच्या खेळात, एकदा, फार तर दोनदा हातात येतो, पण होल संपवायला पटर जवळपास प्रत्येक वेळी लागतो, तरी नवीन पोरं पहिला पैसा ड्रायव्हरवर घालतात कारण तो लांब जातो असं ऐकलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे, पहिली डिस्क पटरच घ्या. त्यानंच जवळची फेक शिका, त्यानंच लांबची शिका, सहा महिने दुसरं काही नसलं तरी चालतंय.

आपल्यातले बरेच जण अल्टिमेटची, म्हणजे फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची डिस्क फेकून फेकून इकडं आलेत. मीबी तसाच, माझ्या मावसभावानं पुण्याहून येताना ती मोठी पांढरी डिस्क आणली होती, तिथनं नाद लागला. ती साधारण २७ सेंटिमीटर रुंद आणि १७५ ग्रॅमची असते. पटरचं वजनबी जवळपास तेवढंच, पण रुंदी २१ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तेवढंच वजन लहान जागेत दाबून भरलंय, त्यामुळं हातात आल्यावर एकदम गच्च लागतो आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या फेकी बास्केटच्या पुढं जातात. घाबरू नका, आठ दिवसांत हात बसतो.

आता मुद्द्याचं, हात. पटर निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते तुमच्या बोटांना कडा किती खोल लागते. कुठला पटर सरळ जातो, कुठला डावीकडं पडतो हे सगळं नंतर, कारण पटर हातातून सुटताना एखादं बोट अडकलं की चांगल्यातला चांगला पटरबी वाकडा जाणार. घरी बसून हे कसं बघायचं तर स्वयंपाकघरात जा आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं काढा. पट्टीनं मोजून २०-२२ सेंटिमीटर रुंदीची दोन-तीन झाकणं शोधा, एकाची कडा दीड सेंटिमीटरच्या आसपास खोल असावी, एकाची दोनच्या पुढं असावी. झाकण डिस्कसारखं धरा, अंगठा वर, चार बोटं खालून आतल्या कडेला. मंग फेकल्यासारखा हात करा पण सोडू नका, वीस-पंचवीस वेळा. बोटांची टोकं आतल्या कडेला नीट टेकतात का, का दुमडून तळव्यात जायलीत, का करंगळी बाहेर राहायलीय, हे बघा. बोटं जाड आणि लांब असतील तर उथळ कडेत ती कोंबल्यासारखी होतात, लहान हात असला तर खोल कडेभोवती पकडच बसत नाही. बहुतेक पटरची कडा आतून दीड सेंटिमीटरच्या जवळपासच असते, पण एक-दोन मिलिमीटरचा फरकबी बोटाला लगेच कळतो. हे झाकणाचं काम साधं वाटतंय पण मी हे तीन जणांकडून करून घेतलंय आणि तिघांनाबी आलेला पटर पहिल्या दिवसापासून हाताला ओळखीचा वाटला. घरच्यांना आधी सांगून घ्या तेवढं, पिठाचा डबा उघडा ठेवला की मुंग्या येतात.

दुसरी गोष्ट बीड. हे बीड म्हणजे आपला जिल्हा नाही, डिस्कच्या कडेला खालच्या बाजूनं एक बारीक गोल उंचवटा असतो, दोरी चिकटवल्यासारखा, त्याला म्हणतात. काही पटरला असतो काहींना नसतो. बीड असला की बोटाला आधार सापडतो, डोळे झाकून धरलं तरी पकड रोज तीच येते. नसला की कडा गुळगुळीत लागते आणि हातातून सफाईनं सुटतो. डायनॅमिक डिस्क्स कंपनीचे जज आणि वॉर्डन हे दोन पटर बघा, आकार जवळपास एकच, जजला बीड आहे वॉर्डनला नाही, त्यामुळं फरक समजून घ्यायचा असला तर ही जोडी चांगली. मला स्वतःला बीडवाला आवडतो कारण उन्हाळ्यात हाताला घाम येतो तेव्हा बोट घसरत नाही. पण हे सगळ्यांना लागू नाही, ज्यांचा हात कोरडा राहतो त्यांना तो बीड टोचतो.

वरचा भाग फुगीर आहे का सपाट हे बी बघा. फुगीर असला की अंगठ्याला टेकायला जागा, आणि हवेत थोडा जास्त तरंगतो. सपाट असला की आतून बोटं वरच्या प्लेटपर्यंत पोचतात, पकड घट्ट. स्वीडनच्या कास्टाप्लास्टचा बर्ग आहे त्याला वर अंगठ्यासाठी गोल खोलगट खाच दिलीय, ज्यांचा अंगठा दर वेळी वेगळ्या जागी जातो त्यांना त्याचा फायदा होतो.

नंबर. प्रत्येक डिस्कचे चार आकडे असतात, बऱ्याचदा डिस्कवरच छापलेले, नाहीतर कंपनीच्या यादीत मिळतात. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड, तिसरा टर्न, चौथा फेड. पटरचा स्पीड १ ते ३, कधी ४, ड्रायव्हरचा १२-१४ पर्यंत जातो. स्पीड म्हणजे ती डिस्क नीट उडायला तुम्हाला किती जोरात फेकायला लागेल ते, म्हणून जास्त आकडा म्हणजे चांगली डिस्क असं अजिबात समजू नका. ग्लाइड म्हणजे तरंगत राहायची ताकद. टर्न म्हणजे सुरुवातीला जोरात असताना कुणीकडं वळते, फेड म्हणजे जोर संपल्यावर शेवटी कुणीकडं पडते. उजव्या हातानं आपण नेहमीसारखं, म्हणजे अंगाच्या डावीकडनं हात आणून फेकलं तर टर्न उजवीकडं आणि फेड डावीकडं. डावखुऱ्यांनी उलटं धरा.

उदाहरणं घेऊ. इनोव्हा कंपनीचा एव्हिअर २, ३, ०, १. १९८० च्या दशकातला साचा आहे आणि आजबी नवीन माणसाला सगळ्यात आधी हाच सांगितला जातो, सरळ जातो, शेवटी थोडासा डावीकडं वळतो, काही लपवाछपवी नाही. जज २, ४, ०, १, म्हणजे एव्हिअरपेक्षा जरा जास्त तरंगणार. डिस्कक्राफ्टचा चॅलेंजर २, ३, ०, २, शेवटी जास्त डावीकडं. डिस्कक्राफ्टचाच लुना ३, ३, ०, ३, हा पॉल मॅकबेथसाठी काढलेला, तोच जो सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालाय, शेवटचं २०२२ ला. आणि बर्ग १, १, ०, २, हा तरंगायचं नावच घेत नाही, जिथं सोडला तिथं जाऊन पडतो.

आता यातला ग्लाइडचा आकडा लोक सोडून देतात आणि माझ्या मते पटरमध्ये तोच सगळ्यात जास्त बघायला पाहिजे. पट, म्हणजे बास्केटजवळून टाकलेली फेक, हुकला की डिस्क पुढं किती जाते हे ग्लाइड ठरवतो. ७ मीटरवरून टाकलेली डिस्क साखळीला न लागता वरून गेली आणि ग्लाइड ४ असला तर ती आरामात अजून ६-७ मीटर पुढं जाऊन बसते, म्हणजे परत तेवढाच पट. ग्लाइड कमी असला तर ती जवळच पडते, दुसरा पट सोपा. पण त्याच्या बदल्यात कमी ग्लाइडवाल्याला जोर जास्त लागतो, लांबून टाकताना हात ताणायला लागतो आणि ताणला की नेम जातो. म्हणून ज्यांचा हात अजून तयार नाही, बायका-पोरी, लहान लेकरं, त्यांनी ३-४ ग्लाइड घ्यावा, आणि ज्यांना जोराची अडचण नाही पण डिस्क सारखी पुढं पळते त्यांनी २-३ च्या खाली यावं.

तुम्ही कसा टाकता यावरबी आहे. काही जण मनगट फिरवून सरळ रेषेत झटक्यात टाकतात, डिस्क जोरात फिरत जाते आणि सपाट राहते, पण हुकली की लांब जाते, अशांना कमी ग्लाइडवाला बरा. काही जण गुडघ्यातनं जोर घेऊन, हात खालून वर आणून उचलून टाकतात, पाटीतलं धान्य उपणल्यासारखं, त्यात डिस्क कमी फिरते आणि कमी फिरली की लवकर डावीकडं कलते, म्हणून फेड ० किंवा १ च असलेला घ्या. कुठली पद्धत तुमची हे ठरलं नसलं तर एव्हिअर किंवा जजसारखा मधला घेऊन टाका, ठरल्यावर दुसरं बघू.

प्लास्टिकवर थोडं जास्त बोलतो कारण आपल्या हवेत हाच विषय मोठा आहे आणि बाहेरच्या व्हिडिओत याचं उत्तर मिळत नाही. ती मंडळी थंड देशातली, फिनलंड, एस्टोनिया, स्वीडन, तिथं थंडीत डिस्क दगडासारखी कडक होते म्हणून ते मऊ प्लास्टिक घ्या म्हणतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो. तिकडचं ऐकून मी पहिला पटर सगळ्यात मऊ प्लास्टिकचा मागवला आणि फेब्रुवारीपर्यंत तो खरंच छान होता, एप्रिलमध्ये दुपारी चारला गायरानावर हातात घेतला तर कडा पोळीसारखी दुमडायली. फेकताना हातातच वाकतो आणि सुटताना झटका बसून कुठंबी जातो. म्हणून आपल्याकडं मध्यम किंवा कडक घ्या. बऱ्याच कंपन्या एकच साचा सॉफ्ट, मिडियम, फर्म अशा तीन प्रकारांत काढतात, मागवताना त्या एका शब्दाकडं लक्ष ठेवा. डिसेंबर-जानेवारीत परभणीला किमान तापमान १० च्या खाली जातं तेव्हा कडक पटर सकाळी हाताला टणक लागतो हे खरं, पण तेवढे दिवस पाच मिनिटं काखेत धरून गरम करून घेतला की काम होतंय.

दुसरं, प्लास्टिक साधं का महागाचं. साधं प्लास्टिक हाताला खरखरीत, चिकट लागतं, त्याची पकड चांगली, स्वस्तबी, अमेरिकेत साधारण दहा-पंधरा डॉलरला मिळतं, आपल्याकडं येईपर्यंत वाहतूक आणि कर धरून ते पार वाढतं. महागाचं गुळगुळीत असतं पण टिकतं. बास्केटजवळ टाकायला साधंच घ्या. लांबून फेकायला वेगळा पटर ठेवायचा असला तर तो महागाच्या प्लास्टिकचा घ्या, कारण आपल्या मुरमाड जमिनीवर, दगडगोट्यांवर साधं प्लास्टिक एका हंगामात कडेनं सोलून निघतं, आणि कडा झिजली की डिस्क आधीसारखी डावीकडं पडायची बंद होऊन उजवीकडं वळायला लागते. ओरखडे उठलेले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासून गुळगुळीत करा, तेवढं नियमात चालतं, पण आकार बदलेपर्यंत घासायचं नाही.

आणि कृपा करून डिस्क गाडीत ठेवू नका. मागच्या मे महिन्यात मी चारचाकीच्या पुढच्या काचेखाली दोन तास विसरलो, आलो तर पटर तव्यावर टाकलेल्या पापडासारखा एका बाजूनं उचललेला. गरम पाण्यात टाकून, फरशीवर सपाट ठेवून वर पाट दाबला, बराचसा सरळ झाला पण हातातनं सुटताना थरथरतो तो थरथरतोच. लई जीव लागला होता त्याच्यावर. आता घरी आलो की पिशवी सावलीतल्या खुंटीला.

वजन. पीडीजीएच्या नियमात डिस्कच्या रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतं, म्हणून २१.१ सेंटिमीटरचा पटर साधारण १७५ ग्रॅमपर्यंतच जातो. मोठ्या माणसानं १७० ते १७५ घ्यावा. कारण वारा. आपलं माळरान उघडं, आडोसा म्हणून एखादं लिंबाचं झाड नाहीतर येड्या बाभळी, आणि जून-जुलैचा वारा जो सुटतो त्यात हलका पटर पतंगासारखा वर उचलला जातो. समोरून वारा असला की डिस्क उचलते आणि उजवीकडं वळायला बघते, मागून असला की दाबली जाऊन लवकर खाली आणि डावीकडं पडते. वाऱ्याच्या दिवसात फेड २ च्या पुढचा पटर जास्त भरवशाचा. लहान लेकरांना मात्र १५० च्या आसपासचा द्या, त्यांना १७५ चा दिला की मनगट दुखतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. वजन डिस्कच्या मागं लिहिलेलं असतं, मी आमच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून खात्री करून घेतली, एक-दोन ग्रॅमचा फरक निघाला तर सोडून द्या.

एक ठरला की तोच, त्याच प्लास्टिकचा, त्याच वजनाचा दुसरा घ्या. जमलं तर तिसराबी. एकाच पटरनं सराव करायचा म्हणजे टाका, जा, उचला, या, टाका, यातच संध्याकाळ जाते आणि हाताला लय सापडत नाही. तीन सारखे असले की सलग तीन टाकता येतात आणि पहिल्यात चुकलेलं दुसऱ्यात लगेच सुधारतं. वेगवेगळ्या जातीचे तीन घेतले तर हाताला तिन्ही कळत नाहीत, ही चूक मी बघितलीय, आमच्यातला एक जण दर महिन्याला पटर बदलायचा, त्याचा नेम वर्षभर होता तिथंच राहिला. आता एकच धरून बसलाय आणि ६ मीटरच्या आतला पट सोडत नाही.

तपासायला बास्केट पाहिजे, ती विकत घ्यायची गरज नाही. आम्ही गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतली, मधे लोखंडी पाइप, वर जुन्या सायकलची रिम, रिमला गुरं बांधायच्या साखळ्या कापून लावल्या, खाली सळईचं गोल टोपलं, त्याची कडा जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर धरली, नियमाच्या बास्केटची तेवढीच असते. मंग चुन्यानं ३, ५, ७ आणि १० मीटरवर रेघा मारा. १० मीटरच्या आतलं वर्तुळ महत्त्वाचं, कारण त्याच्या आत पट टाकल्यावर तोल सांभाळून उभं राहायला लागतं, पुढं पाऊल पडलं की फाउल. नवीन पटर आला की रोज ५ मीटरवरून ५० आणि ७ वरून ५० टाका आणि वहीत आकडा लिहा. पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका. तिसऱ्या आठवड्यातबी डिस्क सारखी एकाच बाजूला जायलीय, आणि दुसऱ्या कुणाच्या पटरनं तसं होत नाही, तरच पटर बदलायचा विचार करा. चुका दोन्ही बाजूंना होत असतील तर पटर चांगला आहे, सराव वाढवा.

पावसाळ्यात काळी माती डिस्कच्या आतल्या कडेला अशी बसते की वजन हाताला कळण्याइतकं वाढतं, म्हणून खिशात दोन दस्त्या ठेवा, एक ओली एक कोरडी, प्रत्येक फेकीआधी आतली कडा पुसायची. खोल कडेच्या पटरमध्ये माती जास्त अडकते, ज्यांचं मैदान वावराला लागून आहे त्यांनी हे ध्यानात घेऊन निवडा. उन्हाळ्यात घामासाठी कोरडी माती चोळली तरी चालतंय, पैलवान चोळतात तशी.

रंगाचं शेवटी लिहितोय पण ऑर्डर करताना विसरू नका. हिरवा नको, पावसाळ्यात गवतात गेला की गेला. पिवळा आणि तपकिरी नको, मार्चनंतर सगळा माळ त्याच रंगाचा असतो. पांढरा काळ्या मातीवर छान दिसतो पण शेजारी कपाशी फुटलेली असली तर शोधत बसा. काळा उन्हात तापून हाताला चटका देतो. गडद गुलाबी घ्या, बाराही महिने लांबून दिसतो. आणि आलेल्या दिवशीच मागच्या बाजूला न पुसणाऱ्या पेनानं नाव आणि मोबाइल नंबर लिहा. आमचा एक गुलाबी पटर ओढ्याच्या पलीकडं गेला होता, दोन दिवस शोधला, सापडला नाही. आठव्या दिवशी मेंढ्या घेऊन जाणाऱ्या एका बाबांचा फोन आला, तुमची गुलाबी ताटली माझ्याजवळ आहे, खंडोबाच्या देवळापाशी या.